नाहीतर

माझा नवरा हेल्दुर दिवसा लोकांच्या कवळ्या घडवतो,
रात्री एक भाषा.
व्होरूतल्या आमच्या स्वयंपाकघरात,
बटाट्यांच्या पोत्याला पाय टेकून, जुन्या लॅपटॉपवर.
ती बोलणारा जगात एकच, तोही अडखळत.

व्याकरण मार्चमध्ये बसलं.
कंस त्याने दोनदा हाकलले, एकदा परत आणले,
भांडलेल्या पाहुण्यांसारखे, ओशाळून.
चुकलं की ती भाषा म्हणते:
ओळ सात. इथे मला कळेनासं झालं.
दोष अंगावर घेणारं यंत्र
मी पहिल्यांदाच पाहिलं.

जर आहे. तर आहे.
नाहीतर मात्र त्याने ठेवलाच नाही.
का, विचारलं, तेव्हा नखातलं मेण काढत म्हणाला,
आमच्याकडे हा शब्द पट्टा हातात घेऊनच यायचा.
पुढे बोलला नाही.
मीही कप विसळत राहिले.

काल लेलोने, वय वर्षं नऊ, पहिला प्रोग्रॅम लिहिला:
जर बर्फ पडला तर शाळा नाही.
आणि नाही पडला तर, बाबा?
हेल्दुरने हनुवटी खाजवली.
इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं,
विचारणार तरी कोण?
मग थांबायचं, म्हणाला.

सकाळी दूध तापवायला उठले.
खिडकीबाहेर नोव्हेंबरचा नुसता चिखल.
पडद्यावर कर्सर उघडझाप करतोय,
पंखा घरघरतोय,
आणि पाठीला दप्तर लावून
लेलो त्याच्यासमोर बसलेली,
बूट न घालता.