द्वारा

चांदी म्हैस गेली त्या वर्षी गोठ्याला फरशी घातली,
गव्हाण फोडून ओटा केला,
खुंट्याच्या जागी नळ.
शुक्रवार पेठेत आता गोठ्यालाही भाडं येतं.

आधी दोन पोरं राहिली, कटाचा वास ठेवून गेली.
मग दिलशाद जमादार, गाव नेसरी,
सीपीआरच्या रक्तपेढीत, कंत्राटावर.
एक ट्रंक, एक बादली, एक कुंडी,
आणि पहिला प्रश्न: मामा, नेट आहे का?

होतं. राउटरचा डबा आमच्या सोप्यात,
मधली भिंत दीड विटेची, मातीत बांधलेली,
पलीकडं पोचायला तेवढा दम त्यात होता.
बिल निम्मं ठरलं. पाचशे नव्वदचे दोनशे पंच्याण्णव.
ती तीनशे द्यायची,
पाच रुपये आमची ही कोथिंबिरीत फेडायची.
पासवर्ड सांगताना मी जरा लाजलो:
चांदी, इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान, पुढं सहा.
सहा का?
सहा वेतं झाली तिची.
ती हसली नाही. लिहून घेतलं,
बाटलीवर रक्ताचा गट लिहावा तसं.

पत्रांचं मात्र जमलं नाही.
पेटी मीच केलेली.
उद्यमनगरात तीस वर्षं ओतकामाचे पॅटर्न घडवले,
अर्ध्या सुताची चूक चालायची नाही,
आणि घरच्या पेटीत मधली फळी बसली तिरकी.
काहीही टाका, घसरून आमच्याच कप्प्यात.
तिची बँक, तिचा विमा, चुलतभावाच्या लग्नाचं आवतण,
सगळ्यांवर तिच्या नावाखाली
द्वारा, केरबा दत्तू सुतार.
बापानं दारं केली, मी पॅटर्न.
द्वारा व्हायचं घराण्यात कुणाला ठाऊक नव्हतं.

रात्री नवाला हिची मालिका अडखळायची,
हिरॉइनचं तोंड उघडं, मधे गोल फिरतंय.
आठवड्याभरात अडखळायची थांबली.
पुढं कधीतरी कळलं,
नऊ ते साडेनऊ पोरगी आपला फोन बंद ठेवते.
कुणी सांगितलं नव्हतं.

मग एका सोमवारी रजिस्टर आलं.
सही माझी. पाकीट पातळ, शासकीय.
उन्हात धरायला नको होतं. धरलं.
नियुक्ती. ओरोस. रुजू व्हायला दहा दिवस.
आणि मी ते कॅलेंडरमागं सरकवलं.
का, विचारू नका. भाड्यासाठी नव्हे एवढं सांगतो.
उद्या देऊ, म्हटलं. उद्याला म्हटलं, परवा.
मंगळवारी तिनं विचारलं, पाणी किती वाजता येणार.
बुधवारी काहीच विचारलं नाही.
गुरुवारी गेलो. पाकिटाच्या कोपऱ्याला खिळ्याचा गंज.
दार उघडंच होतं. ट्रंक भरलेली.
मेल आला होता मामा, ती म्हणाली, सोमवारीच.

सोमवारीच.
म्हणजे मी कागद दडवत उभा होतो तेव्हा
तीच बातमी माझ्याच डब्यातून,
माझ्या कानाजवळनं, माझ्या भिंतीतनं
पलीकडं गेली होती,
निम्मे पैसे भरून, चांदीचं नाव सांगून.
आणि चार दिवस ती बघत होती
मी कधी येतो.

पाकीट तिनं न फोडता पर्समध्ये ठेवलं.
कुंडी राहू दे म्हणाली.
महिन्याचे तीनशे ओट्यावर होते.
पाच द्यायला गेलो तर रिक्षा वळली होती.

खोली रिकामी आहे. लोक बघून जातात,
नेट आहे का विचारतात, आहे म्हणतो.
फळी काढून, रंधा मारून, गुण्यात बसवली.
आता तिची पत्रं बरोब्बर तिच्या कप्प्यात पडतात.

कानावरची चपटी पेन्सिल काढतो,
ओरोसचा पत्ता घालतो,
आणि द्वाराच्या पुढचं माझं नाव खोडतो,
वाचता येईल इतपतच.