बाराशेपर्यंत

तळघरात वेळ कळत नाही, शलाका.
खिडकी नाही, भिंती सहा फूट जाड,
परळचा रस्ता आपल्या डोक्यावरून जातो
आणि चहा आला की समजायचं, चार वाजले.

तुला वाटलं होतं, इथे यंत्र शिकायचं.
पहिल्याच दिवशी मी तुला टेबलावर झोपवलं,
सुर्वेमामांनी गरम पाण्यातून पांढरी जाळी काढली,
कपाळापासून खांद्यापर्यंत ओढून बसवली.
गार होता होता ती आवळत गेली.
दहा मिनिटं. बोलायचं नाही, गिळायचं नाही.
सुटलीस तेव्हा गालांवर चौकटींची नक्षी होती
आणि तू विचारलंस,
"सर, पेशंटला हे आधी सांगतो ना आपण?"
ते पहिलं लेक्चर. मी दिलं नाही, तू दिलंस.

मग आले कारभारी वाबळे, लासलगावचे,
कांद्याच्या मार्केटात लिलाव पुकारणारे.
उजव्या स्वरतंतूवर ज्वारीच्या दाण्याएवढा डाग.
बोलले तर तवा खरवडल्यासारखं:
"म्याडम, ट्रॉलीमागं दीडशे माणूस राहतं,
शेवटल्याला भाव ऐकू नाही गेला तर भांडण."
तू केसपेपरवर लिहिलंस: आवाज बसलेला, सहा महिने.
व्यवसाय: नोकरी.

रात्री स्क्रीनवर त्यांचा गळा,
तीन-तीन मिलिमीटरच्या चकत्या.
मज्जारज्जूला पिवळा, कॅरोटिडला हिरवा,
आणि माऊसने तू लाल रेघ ओढत होतीस.
चाकू धरणाऱ्यांना रक्त सांगतं कुठे थांबायचं.
आपल्याला कुणी सांगत नाही.
एक रेघ, आणि ती अठ्ठावीस दिवस खरी मानायची.

तुझी रेघ फुगली होती, प्रत्येक चकतीत थोडी.
"सेफ साइडला, सर."
कोणाची सेफ साइड?
मार्जिन ठेव. गिळताना स्वरयंत्र वर सरकतं, त्याचं ठेव.
श्वासाचं ठेव. माणूस वाळतो, जाळी ढिली पडते, तिचं ठेव.
पण स्वतःच्या भीतीला मार्जिन म्हणू नकोस.
ती तुझी आहे. त्यांच्या गळ्यात कशाला?

तू काही बोलली नाहीस.
सगळं पुसलंस, पहिल्या चकतीपासून.
तेव्हा मी हे सांगितलं नाही, की माझी एक रेघ,
कोबाल्टच्या दिवसांतली, एक्स-रेवर पेन्सिलीने काढलेली,
अर्धा सेंटिमीटर आत राहिली होती.
बाईंचं नाव अजून पाठ आहे, मुलाचंही.
आज सांगतोय. उशीरच झाला.

धर्मशाळेतून रोज चालत यायचे वाबळे,
प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल, फाइलवर रुमाल.
जाड दार सरकत बंद व्हायचं,
आणि बाहेर कॅमेऱ्यासमोर, मी पाहिलंय,
बीम चालू असेस्तोवर तूही गिळायची नाहीस.

तेविसाव्या दिवशी आवाज पुरता गेला.
त्यांनी वहीत लिहून दाखवलं:
येतो येतो म्हणता गेलाच की.
आधी बिघडेल, मग सुधारेल, हे तूच सांगितलेलं त्यांना.
पुस्तकात आहे, खरं आहे,
तरी तू माझ्याकडे बघितलंस.
मीही पुस्तकाकडेच बघितलं.

चौथ्या महिन्यात ओपीडी, नव्वदावा नंबर.
दुर्बिणीत दोन्ही तंतू स्वच्छ, किंचित लाल.
"म्हणून दाखवू?" त्यांनी विचारलं,
आणि भरल्या कॉरिडॉरमध्ये सुरू झाले,
आठशे, साडेआठशे, नऊशे,
स्ट्रेचर ढकलणारा थांबला,
हजार, अकराशे, कुणीतरी हसलं,
बाराशे,
आणि पुढचा आकडा फाटला.
"बाराशेपर्यंत जातो," ते म्हणाले. "भाव पण सध्या तेवढाच हाये."

सही करायला केसपेपर माझ्याकडे आला.
व्यवसायाखाली नोकरी खोडून तू लिहिलं होतंस: लिलाव पुकारणे.
आणि खाली, तुझ्या तिरक्या अक्षरात,
आवाज: बाराशेपर्यंत.

हे माप कुठल्याच प्रमाणकात बसत नाही.
ऑडिटवाले विचारतील.
मी खोडलं नाही.