थारा

रक्वेरेहून सुटणारी सातची बस
ऊर्वेला पाणथळीच्या थांब्यावर सोडते.
ड्रायव्हर काल्यू आता काही विचारत नाही.
पहिल्या गुरुवारी विचारलं होतं, "इथे? एकटी?"
तिने बादली दाखवली : क्रॅनबेरी.

बादली हे निमित्त.
हाइनो गेला त्याला सात महिने,
तेव्हापासून सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलतात.
बहीण फोन करते, डॉक्टर गोळ्या बदलतात,
शेजारीण सूप आणते, मग पातेलं न्यायला
पुन्हा येते, डोळ्यांत तेच : बरं वाटतंय का?

इथे कुणाला काही पडलेली नाही.
शेवाळ आपलं लाल होतंय.
डबक्यांचं पाणी कोऱ्या चहासारखं,
त्यात ढग, न विरघळलेले.
दोन फळ्यांची वाट पावलागणिक चुबुक करते.
पाइनची झाडं तिच्या खांद्याला लागतील एवढीच,
पण एकेक तिच्या आजीहून म्हातारं,
घाई कसली, म्हणत उभं.

सप्टेंबरातल्या तिसऱ्या गुरुवारी
क्रौंच उठले.
आधी आवाज, गंजक्या फाटकांचा,
मग धुक्यातून माना, मग लोंबते पाय,
आणि किती!
ती मोजू लागली
(सूतगिरणीत तीस वर्षं चात्या मोजल्या,
मोजणं बोटांना पाठ),
एकशे बारापर्यंत आली, चुकली,
आणि चुकल्याचं हसू आलं.
मोठ्याने. एकटीलाच.

मग लक्षात आलं,
मोजताना हाइनो नव्हता.
एकशे बारा पक्षी जाईस्तोवर
तो आठवलाच नव्हता.
ती फळीवर मटकन बसली,
चोरी पकडल्यासारखी.
एक बूट पाण्यात गेला, तो तसाच राहू दिला.
"रागावलास?"
पाणी हललं, पण ते वाऱ्याने.

फळीखाली चार पुरुष ओला काळोख,
काठी घातली तर तळ लागत नाही.
जिथे पावलाला थारा नाही
तिथे जीव थाऱ्यावर कसा येतो,
हे तिला सांगता यायचं नाही.
बहिणीला ती एवढंच म्हणेल,
हवा छान होती.

परतताना काल्यूने बादलीत डोकावलं.
तळाशी मूठभर फळं आणि एक करडं पीस.
"आज काहीच नाही?"
"एकशे बारा," ती म्हणाली,
"पुढचे तू मोज."

आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.
तिचा थांबा आला, गेला.
काल्यूने आरशात पाहिलं,
उठवलं नाही.
डेपोपर्यंत नेली.