तोलाई

पोतं पाठीवर आलं
की तू पाठीनंच सांगायचास:
अठ्ठेचाळीस आहे, गोणीत ओल धरलीय.
वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात एकतीस वर्षं
काटा तुझ्या मागून बोलला.

आता त्याच पाठीतून नळी निघते.
नळीला पिशवी, पिशवीवर रेघा,
आणि कोपरखैरण्याच्या खोलीत
मी फरशीवर गुडघे टेकून रेघा वाचते.
सहा वाजता एकशेऐंशी, रंग कोऱ्या चहाचा.
दहाला नव्वद. तोच रंग, जरा लालसर.
स्वातीची बारावीची रसायनशास्त्राची वही,
मागची पानं कोरीच होती.

खारघरच्या डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं.
आंत्रपुच्छात सुरू झालाय, मूत्रनलिकेला वेढून बसलाय,
लाखात एखाद्याला होतो असला.
तू म्हणालास, सिडकोच्या सोडतीत चारदा पैसे भरले,
तेव्हा कुठं होता हा नंबर?
बाई हसल्या नाहीत.
मी हसले, आणि पदर तोंडाशी धरला.

सहीच्या कागदावर ‘गुंतागुंत’ असा शब्द होता.
मला वाटलं, दोऱ्याची असते तशी,
उजेडात बसून सोडवता येईल.
कांचन सर्जेराव सणस, नातं: पत्नी.

नऊ तास.
नलिका कापली, मूत्राशय वर ओढून तिला जोडलं.
पाचव्या दिवशी पोटातल्या नळीत पाणी वाढलं.
बरंच ना, घाण निघून जातीय? मी विचारलं.
त्यांनी ते तपासायला पाठवलं.
ते पाणी नव्हतं.
जोड सुटला होता.

काल रात्री दोनला शून्य.
अडीचला शून्य.
पेन हातात, पण शून्य लिहवेना.
दवाखान्याचा फोन नुसता वाजत राहिला.
शेजारच्या इंगवल्यांची रिक्षा काढायला सांगावी
म्हणून उठले, आणि उठता उठता
तुझ्या कमरेखाली हात घातला.

नळी दुमडली होती, तुझ्याच वजनाखाली.
वजन तरी काय, बेचाळीस.

सरळ केली.
एक थेंब. बराच वेळ काही नाही.
मग पहाटे आपल्या नळाला येतं तसं,
खाकरत, अडखळत.

चारला तू डोळे न उघडताच विचारलंस, किती?
दोनशेचाळीस, म्हटलं.
खाटेवरून हात खाली सोडलास,
पिशवी तळव्यावर घेतलीस, जराशी वर-खाली केलीस.
दोनशेवीस, म्हणालास.

मी माझा आकडा खोडला.