डोक्याचे पैसे

चोडण ते रायबंदर, फेरीबोटीत सात मिनिटं.
तीन वर्षं मी ती उभ्यानं काढली :
एक हात कठड्याला, एक हात डोक्याला.
मांडवीचा वारा विग ओळखतो.
माणसं ओळखत नव्हती, किंवा ओळखून
लांबच्या बार्जकडे बघत.

आधी चाई पडली, कानामागे, पावलीएवढी.
मग रुपयाएवढी. मग मी मोजणं सोडलं.
डॉक्टरनं सुया टोचल्या, वहिनीनं कांद्याचा रस चोळला,
नवऱ्यानं नवस बोलला, मला न सांगता.
न्हाणीच्या जाळीवर रोज सकाळी
एक काळं घरटं.
पाखरू काही आलं नाही.

विग पणजीहून आणला, साडेनऊ हजार.
रात्री खुंटीवर टांगला की वाटे,
कुणी पाहुणी राहायला आलीय
जिला जा म्हणता येत नाही.
मे महिन्यात पोस्टाच्या काउंटरवर
पाकिटांना शिक्के मारताना
तिच्याखालून घाम चाले,
मुंग्या चालतात तसा, ओळीनं, घाई नसल्यासारखा.

मग एका बुधवारी (कारण विचारू नका,
उकडत होतं, एवढंच)
मी इनासच्या सलूनात शिरले.
दोन पुरुष फेसासकट थिजले.
रेडिओ तेवढा सुपारीचे भाव सांगत राहिला.
मी विग काढून पावडरच्या डब्याशेजारी ठेवला.
इनासनं आरशात पाहिलं, आरशाबाहेर पाहिलं,
वस्तऱ्यात नवं पातं घातलं.
उरलीसुरली चार बेटं त्यानं अशी उतरवली
जशी झोपलेल्या पोराच्या अंगावरची गोधडी.

खुर्चीत मला आठवली आबांची आत्या.
तिच्या डोक्यावरून वस्तरा फिरला
तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं.
लाल लुगड्याचा पदर तिनं कपाळावर ओढला
तो शेवटपर्यंत कुणी सारला नाही.
तेच थंड लोखंड, आत्या.
पण आज त्याला मी बोलावलंय
आणि पैसेही मीच देणार आहे.

"कितले?"
"शंबर."
"केस नाहीतच, तर शंभर कसले?"
"केंसांचे न्हय बाये, तकलेचे. तकली आसा मगे?"

आहे. हात लावून पाहिलं. आहे.
डावीकडे लहानपणी पडल्याची खोक,
मागं एक उंचवटा, आईला ठाऊक असणार,
मला चव्वेचाळीस वर्षं नव्हता.

परतीच्या फेरीत वारा आला,
सवयीनं जरा शोधाशोध केली,
मग कपाळावरून मानेपर्यंत
एका दमात गेला.
दोन्ही हात मोकळे. त्यांचं काय करावं सुचेना.
एक पोर आईच्या कडेवरून टक लावून बघत होती.
आई तिचं तोंड फिरवी, ती परत वळवी.
मी डोकं पुढं केलं.
तिनं चापट मारली, कलिंगडाला मारतात तशी,
आणि हसली. पिकलेलं निघालं असावं.

सगळं बरं झालं, असं नाही.
शेजारच्या बारशाचं बोलावणं वाटेत कुठंतरी हरवलं.
नवरा दोन दिवस ताटात बघून जेवला.
तिसऱ्या रात्री, दिवा घालवल्यावर,
"हात लावू?" म्हणाला,
लग्नानंतर पहिल्यांदा विचारून.
आणि काही सकाळी मी अजूनही
आरशाला टाळून दात घासते.

काल धक्क्यावर रुक्मानं पाटीतून मान वर केली,
"बाये, अबोलीची फाती..."
आणि जीभ चावली.
मी थांबले. वीतभर घेतली, मनगटाला गुंडाळली.
सुट्टे परत देताना ती माझ्याकडे नाही,
फुलांकडे बघत होती.

अबोलीला वास नसतो.
आमच्याकडे अजून कुणी तिला
त्यावर औषध सुचवलेलं नाही.