नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह

मिना अब्दुल्लाला मी व्हॉल्व्ह दुरुस्त करतो.
त्यात एक जात अशी
की तेल एकाच बाजूनं जातं.
अंगावर बाण कोरलेला, आत झडप.
उलट यायला लागलं की ती मिटते,
टक्. इतकाच आवाज.
एकोणीस वर्षं ऐकतोय,
आता फोनवरही ओळखू येतो.

थोरला भाऊ चिपळूणहून बोलतो.
तिथलं घड्याळ अडीच तास पुढे,
मी दात घासत असतो तेव्हा
त्याचं देशाचं सगळं ठरून झालेलं असतं.
मी म्हणतो, "पण भाऊ..."
टक्.
"तू बाहेर राहतोस, तुला काय कळणार."
पैसे पोचले का, ते मात्र मलाच कळवावं लागतं.

पुतणी पुण्यात. तिचा बाण उलटा,
पण तितकाच खोल कोरलेला.
बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत,
दोघंही माझ्याशी बोलतात.
तो विचारतो, "तिचा खोकला गेला का?"
ती विचारते, "त्यांनी चष्मा बदलला का?"
हे एवढं मी इकडून तिकडे नेतो,
बाकीचं वाटेत सांडतो.
परवा म्हणाली,
"काका, गप्प बसणं म्हणजेही बाजू घेणंच."
मी म्हटलं, इकडे धूळ फार आहे, आवाज येत नाही.
धूळ होती, हे खरं.
आवाज येत होता.

मंगफच्या आमच्या खोलीत
शुक्रवारी मासे असायचे.
गोवळकोटचा नौशाद पारकर साफ करायचा,
गावाहून आणलेल्या स्वतःच्या विळीवर,
पाटावर बसून, एक पाय मुडपून.
खवले इतके बारीक उडवायचा
की सोमवारी बुटात सापडावेत.
त्या शुक्रवारी हेरंबच्या मोबाइलवर
कुणाचं तरी भाषण चालू होतं,
कुकरच्या शिट्टीवर चढेल इतकं मोठ्यानं.
नौशाद म्हणाला, "जरा बारीक कर रे."
हेरंब म्हणाला, "का? टोचतं?"

(हेरंबच्या बोटाला तेरा वर्षांत शाई लागलेली नाही.
माझ्याही नाही. नौशादच्याही नाही.
इथे आम्हाला मत नाही,
तिथल्या यादीत कुणी शोधलेलं नाही.
तरी खोलीत निवडणूक रोज.)

नौशादनं हात धुतले.
सुरमईवर ताट झाकलं.
चपला घातल्या, घाई न करता,
म्हणजे कुणाला थांबवायचं असेल तर वेळ होता.

मी काय केलं?
मी भात वाढला.

त्याला आता सात शुक्रवार झाले.
फ्रिजवर पाळीचा कागद आहे,
कुणी बाथरूम धुवायचं, कुणी गॅस आणायचा;
नौशाद पाहुणा, त्याचं नाव त्यावर कधीच नव्हतं.
हेरंब मोरीपाशी कैचीनं मासे कापतो,
काटे राहतात.
कुणी काही बोलत नाही. काटे काढतो, जेवतो.

विळी ओट्याखाली तशीच.
आज ती उचलली,
दोन वर्तमानपत्रांत गुंडाळली,
(एक याचं, एक त्याचं; हाताला लागली ती)
आणि फाहाहीलची बस धरली.
विळी मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाशेजारी
कुणी बसत नाही. बरं झालं.
वाटेत वाक्यं जुळवत होतो.
एक जुळलं होतं, बकाल्याच्या कोपऱ्यावर पुन्हा मोडलं.

चौथा मजला. नौशादनं दार उघडलं.
बनियनवर होता, दाढी वाढलेली,
आतून लसणाचा वास.
पुडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"विळी द्यायला आलायस
की मला न्यायला?"

त्याच्या दाराला वरून स्प्रिंग आहे,
ते आपलं आपण मिटतं.
मी चप्पल मध्ये घातली आहे.
अंगठा चेपतोय.
अजून काही बोललेलो नाही.