पाचवा मजला

सावईवेऱ्याच्या उतारावर, कुळागर संपतं तिथे
दीपस्तंभ आहे, सात मजल्यांचा.
म्हणजे सहा. सातवा गेल्या आषाढात विजेने नेला.
तो परत बांधायचा तर मापं हवीत,
म्हणून मी.

लेझरचा लाल ठिपका चिऱ्यांवर ठेवत
आकडे उतरवत गेले:
एकशे ऐंशी. एकशे साठ. एकशे बेचाळीस. एकशे सव्वीस.
चौथ्या आकड्याला अंगावर काटा आला.
नवाला आठ, नवाला आठ, नवाला आठ.
ज्याने बांधला त्याने दशांश पाहिला नसेल,
पण दर मजल्याला नवातला एक भाग सोडून दिला,
बाजारातून येताना वाटेत कुणाच्या हातावर
पेरू ठेवावा तसा.

पाचवा यायला हवा होता एकशे बारा.
आला एकशे एकवीस.

शिडी लावून फितीने मोजला. एकशे एकवीस.
सहावा पुन्हा शहाण्यासारखा शंभर,
जणू मध्ये काही घडलंच नाही.
नऊ सेंटिमीटर. चार बोटं आणि वर थोडं.
वहीत पेन्सिलीने लिहिलं, 'गवंड्याची चूक',
आणि लिहिताना बरं वाटलं, हे कबूल करते.
इतक्या वर्षांनी का होईना, सापडला.

रुजार मेस्त खाली चुना मळत होता,
गुळाचं पाणी शिंपत.
त्याचा खापरपणजा या कामावर होता म्हणे,
रविवारी इगर्जीत गुडघे टेकायचा,
सोमवारी इथे ओळंबा धरायचा.
मी चूक सांगितली. त्याने मान वर केली नाही.
"बाये, खंय उबी रावून पळयलें तुवें?"
शिडीवर.
"निसणीर चडून कोण नमस्कार करता?"
थोड्या वेळाने, चुन्यालाच सांगितल्यासारखं,
"तळयेंत देंव."

चपला काढून तळीच्या पायऱ्या उतरले.
शेवटच्या पायरीवर पाणी घोट्यांना लागलं,
बारके मासे आले, टोचून गेले.
मग वळून वर पाहिलं.

चौथ्याची कंगणी इतरांहून वीतभर पुढे आलेली
(ती मी नोंदवली होती,
वेगळ्या पानावर, वेगळी चूक म्हणून)
आणि तिच्या कडेआड पाचव्याचा पाय गेला होता.
चार बोटं आणि वर थोडं.
उरला होता एकशे बारा.

एक पायरी चढले, बिघडलं.
उतरले, जुळलं.
पुन्हा चढले, पुन्हा उतरले,
पुजाऱ्याच्या मुलीला वाटलं माझं काहीतरी हरवलंय.

म्हणजे ते प्रमाण दगडात नव्हतंच.
दगड आणि पाय धुवायला आलेलं कुणी,
या दोघांच्या मधल्या हवेत ते
अधांतरी ठेवलेलं होतं, इतकी वर्षं, ऊनपावसात,
आणि मी शिडीवरून त्याच्या आरपार मोजत होते.

सातवा सूत्राने येतो एकोणनव्वद.
रुजार गुडघाभर पाण्यात उभा राहिला,
माडाचा हीर हात लांब करून धरला, एक डोळा मिटला,
हिरावर नखाने खूण केली.
एकोणनव्वद आणि दोन बोटं.
का, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही,
फक्त तो बाहेर येईपर्यंत हीर सांभाळला.

पेन्सिलीचं लिहिलेलं खोडलं. वळ राहिलाच.
तक्त्यात 'मोजणीची स्थिती' असा एक रकाना असतो,
त्यात आम्ही नेहमी 'समाधानकारक' लिहितो.
मी लिहिलं: पाय ओले.

कार्यालयात कुणीतरी त्यापुढे
लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलंय.
ते अजून तसंच आहे.